जैनोद्दीनभाईंच्या सायकलचा कॅरिअर

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला कॅरिअर आहे. सायकलच्या मागच्या चाकावर बसतो, तो. घंटीसारखा मला आवाज नाही, हँडलसारखा मान नाही. मी मागे असतो, म्हणून मालकाच्या तोंडापेक्षा त्याची पाठच मला जास्त ओळखीची. माझ्या मालकांची, जैनोद्दीनभाईंची, पाठ मी आठ वर्षं पाहिली.

ते निजामाच्या राज्याचे दिवस होते. उस्मानाबाद जिल्ह्याच्या अगदी कडेला आमचं गाव. चार कोसांवर बार्शी, पण बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सामानाची झडती व्हायची. जैनोद्दीनभाई बार्शीच्या गिरणीत मागावर कामाला होते. सकाळी चार कोस जायचं, दिवसभर मागासमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी चार कोस परत यायचं.

माझ्या जन्माआधी ते सगळं ओझं पाठीवर घेऊन जायचे. भाकरीचा डबा, बदलायचे कपडे, पंक्चरचं सामान. येताना गावातल्या कुणाकुणाची औषधंही. एकदा अंघोळीच्या वेळी त्यांच्या बायकोनं, सकिनाबीनं, खांद्यावरचा लाल वळ पाहिला.

"बैलाच्या मानंवर बी असा वळ पडत न्हाय जी," ती म्हणाली. "सायकलला पाठ न्हाय का? तिच्यावर टाका की."

तिनं त्यांना त्याच दिवशी बलभीम लोहाराकडं पिटाळलं. बलभीमनं जुन्या पिंपाच्या पट्ट्या तापवल्या, ठोकल्या, वाकवल्या. फार दुखलं. पण चार नटांनी जेव्हा मी सायकलला घट्ट बसलो, तेव्हा मला वाटलं, आपण आता कुणाचे तरी झालो. शेजारच्या मथुराबाई गोधड्या शिवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा ज्ञानोबा. त्यांनी माझ्यासाठी दोन कप्प्यांची बॅग शिवून दिली. खाली जुन्या मोटेचं चामडं, वर दुहेरी गोणपाट.

"दोन्ही अंगाला सारखं भरायचं बरं का," त्यांनी बजावलं. "एका अंगाला झुकलं की गडीबी झुकतोय."

पहिल्या दिवशी जैनोद्दीनभाई रिकाम्या पाठीनं निघाले. चढावर त्यांच्या सदऱ्यात वारं शिरलं आणि ते चक्क गुणगुणले. मित्रांनो, तेवढंच माझं कौतुक. पण ते मला अजून पुरतं.

त्यानंतर मात्र रोज तेच सुरू झालं. तोच फुफाटा, तीच बाभळीची झाडं, तोच नाका. नाक्यावर शांतलिंग नावाचे कारकून बसायचे. चष्मा कपाळावर, आवाज थकलेला. "उघडा," एवढंच म्हणायचे. जैनोद्दीनभाई बॅगेवर आवळलेली ट्यूबची पट्टी सोडायचे, बॅग उतरवायचे, उघडून दाखवायचे, पुन्हा बांधायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. डब्यात भाकरीच आहे हे शांतलिंगांनाही ठाऊक होतं. पण बाजूला बंदूक घेतलेला जवान उभा असायचा आणि कायदा तो कायदा. या सोडण्या-बांधण्यात बॅग झिजली, मी झिजलो. माझा एक नट हळूहळू ढिला होऊ लागला. खडखड करून मी सांगत होतो. जैनोद्दीनभाई म्हणायचे, "उद्या आवळू." संध्याकाळी घरी आलेल्या माणसात पाना हातात घ्यायचं त्राण उरत नसे.

तशात महायुद्धाची झळ पोचली. कापडावर कंट्रोल आला. दुकानांची फडताळं रिकामी झाली. नाक्यावरून बिनपरवाना कापड न्यायला बंदी आली. गिरणीत कापडाचे ढीग निघत आणि ते विणणारी माणसं ठिगळाचे सदरे घालून घरी जात.

एका सकाळी आम्ही निघणार, तोच ज्ञानोबा दारात आला. रात्रीत मथुराबाई गेल्या होत्या.

"जैनूभाई," तो खाली बघत म्हणाला, "गावात वीतभर कोरं कापड न्हाय. सगळी घरं फिरून आलो. आईला फाटक्या लुगड्यात कसं न्यावं?"

जैनोद्दीनभाईंनी सकिनाबीकडं पाहिलं. गिरणीतून ईदेसाठी त्यांच्या नावावर पाच वार पांढरं कापड मंजूर झालं होतं, ते उचलायचं बाकी होतं. सकिनाबी म्हणाली, "जावा. ईद जुन्या कुडत्यात बी व्हतीय."

"दिवस मावळायच्या आत आणतो," ते ज्ञानोबाला म्हणाले. "तोवर थांबा."

त्या दिवशी ते कामाला उभे राहिलेच नाहीत. खाडा पडला तो पडला. गिरणीच्या दारात कापड मिळायलाच दुपार झाली. बॅगेत घडी ठेवून ते परत फिरले, तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं.

नाका आला. "उघडा," शांतलिंग म्हणाले.

बॅग उघडली. पांढरी घडी पाहून जवान दोन पावलं पुढं आला. शांतलिंगांनी चष्मा खाली ओढला.

"परवाना?"

"न्हाय साहेब. शेजारची म्हातारी गेली. मयताचं हाय."

कापड जप्त करायचं आणि माणसाला बसवून ठेवायचं, असा हुकूम होता. जैनोद्दीनभाईंची पाठ मी पाहत होतो. ती एवढी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती.

"बॅगेतल्या कापडाला परवाना लागतो," शांतलिंग जवानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "अंगावरच्याला लागत न्हाय. तसा कायदाच हाय." मग हळू आवाजात विचारलं, "फेटा बांधता येतो का?"

"आमच्यात कुणी बांधला न्हाय, साहेब."

शांतलिंग टेबलामागून उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना उठलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी घडी झटकली, जैनोद्दीनभाईंची टोपी काढून बॅगेत ठेवली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्याला फेटा बांधला. सावकाश, एकेक फेर, लग्नघरात बांधावा तसा. जवानानं तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं पाहत राहिला.

"जावा आता," शांतलिंग म्हणाले.

मित्रांनो, पुढचं सांगायला मला लाज वाटते. अर्ध्या वाटेत माझा तो ढिला नट निघून पडला. मी एका बाजूला कलंडलो आणि चाकाला घासू लागलो. सूर्य खाली चालला होता आणि ज्या दिवशी माझी सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी मी ब्रेक होऊन बसलो. जैनोद्दीनभाईंनी धुळीत नट शोधला, सापडला नाही. शेवटी ट्यूबच्या पट्टीनं मला कसंबसं बांधलं, बॅग पाठीवर घेतली आणि पुन्हा पॅडल मारलं. त्यांचा घाम फेट्यात उतरत होता.

गावात पोचलो, तेव्हा किरणं झाडाच्या शेंड्यांवर होती. माणसं थांबलेली होती. जैनोद्दीनभाईंनी फेटा सोडला आणि दोन्ही हातांवर धरला.

"ज्ञानोबा, नाक्यावर डोक्याला बांधावं लागलं. घाम लागलाय. चालंल का?"

भावकीतला एक म्हातारा पुटपुटला, "मग कोरं कुठं राहिलं?"

ज्ञानोबानं कापड हातात घेतलं. ओलसर जागेवरून बोटं फिरवली.

"आईसाठी डोक्यावरून आणलंय त्यांनी," तो म्हणाला. "ह्याहून कोरं कोण आणणार व्हतं?"

त्याच कापडात मथुराबाईंना नेलं. जैनोद्दीनभाई दमून ओट्यावर बसून राहिले. सकिनाबीनं पाणी दिलं, ते त्यांना तांब्या उचलून पिताही येईना. खांद्यावर पुन्हा तसाच लाल वळ उठला होता.

दुसऱ्या दिवशी बलभीमनं मला नवा नट बसवला. मी आणखी चार वर्षं चाललो. मग निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, जैनोद्दीनभाईंचे गुडघे गेले आणि सायकल विकली गेली. तोवर माझा एक पाय मोडला होता, म्हणून मला आधीच उतरवून ठेवलं. आता मी गंजून परसात पडलो आहे आणि माझ्यावर सकिनाबीची घागर असते.

माझी तक्रार नाही. फक्त एवढंच सांगतो. तुमचं ओझं खुशाल आमच्यावर टाका. आम्ही त्यासाठीच आहोत. दोन्ही बाजूंना सारखं टाका, घट्ट बांधा. आणि आमच्यातलं काही खडखडू लागलं, तर ते ऐका. घाईच्या दिवशी नट आवळायला वेळ नसतो, मित्रांनो. तो आदल्या दिवशीच आवळावा लागतो.