किसनरावांचा पहिला नंबर

अकोल्याच्या एमआयडीसीत लोखंडी कपाटं रंगवणाऱ्या किसनरावांना आपल्या हाताचा फार अभिमान. लग्नसराईत आंदणाच्या कपाटांवर शेवटचा हात त्यांचाच फिरायचा. शेजारच्या रंगाच्या खोलीतला मनोजही बरं रंगवायचा, आणि म्हणूनच तो त्यांच्या डोळ्यांत खुपायचा.

एक दिवस कारखान्याची नवी सुरक्षा अधिकारी, भातकुलीची रागिणी, प्रत्येकाच्या कॉलरला एक बिल्ला लावून गेली. थिनरची वाफ किती हुंगली जाते ते बिल्ला पाळीभर टिपेल, मग फळ्यावर ज्याच्या त्याच्या नावापुढे पट्टी निघेल, आणि तांबडी रेघ कुणी ओलांडायची नाही, असं तिने नीट सांगितलं. पण 'फळ्यावर नावं' एवढं कानावर पडलं आणि किसनरावांनी मनोजकडे पाहिलं. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. ज्याची पट्टी लांब त्याचं काम जास्त, एवढं त्यांना न सांगताही कळत होतं.

त्यांनी कंबर कसली. खोलीतला पंखा बंद केला, मास्क खुंटीला टांगला, डबासुद्धा थिनरच्या पिंपाशेजारी बसून खाल्ला. मनोज हवा खायला बाहेर पडला की हे मनातल्या मनात खूश. डोकं ठणकत होतं, पण ते रोजचंच.

आठवड्याने फळा लागला. मनोजची पट्टी रेघेच्या बरीच आत, किसनरावांची मात्र रेघ ओलांडून चौकटीला टेकलेली. मिशीवर हात फिरवत त्यांनी रागिणीला विचारलं, सत्कार कधी ठेवला?

"काका, हे काई मार्क नाई," रागिणी म्हणाली. "एवढं जहर तुमच्या छातीत गेलं. उद्यापासून रंगाच्या खोलीत यायचं नाई."

किसनरावांचा चेहरा पडला. पंख्याचं सांगावं तर हसं होणार, न सांगावं तर काम जाणार. बराच वेळ घुटमळून त्यांनी सगळं सांगून टाकलं, रोजच्या डोकेदुखीसकट. पंख्याचं ऐकून रागिणीला हसू आवरेना. डोकेदुखीचं ऐकल्यावर मात्र तिने त्यांना डॉक्टरकडे पाठवलं आणि पुढचा महिनाभर उघड्या शेडमध्ये कपाटांना मुठी बसवायला लावलं. आंदणाची कपाटं मनोजकडे गेली. त्या दिवशी किसनरावांना खरोखर रडू आलं.

महिना संपत आला असताना एका संध्याकाळी ते घरी आले ते थेट चुलीपाशी. "आज मसाला कोणता टाकला व? गल्लीच्या तोंडापासून वास येऊन राहिला."

बायको मैनाबाई वांग्याची भाजी ढवळत होती. तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. "मसाला लग्नापासून तोच हाये," ती म्हणाली. "तुमालेच आज वास आला."

किसनरावांनी पाट ओढला. भाजी त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरल्याबरोबर ते मनोजच्या खोलीत गेले. आधी त्याचा पंखा चालू आहे ना ते पाहिलं, मग खुंटीवरचा मास्क काढून त्याच्या हातात दिला.

"घाल," ते म्हणाले. "माहा नंबर तुले मोडाचा नाई."