कोटांच्या दुकानातला गोड काळा सुगंध

मी एक जुना सुगंध आहे, मित्रांनो. काळपट काचेच्या बाटलीत आता बोटभरच उरलो आहे, पण माझा रुबाब कमी झालेला नाही. फुलाबिलांशी माझं कधी जमलं नाही. करपायला आलेली साखर, काळ्या मनुका, तंबाखूचं सुकं पान आणि थोडा लाकडाचा धूर, एवढ्यातून एका सुगंधकाराने मला घडवलं आणि मुरण्यासाठी अंधाऱ्या कपाटात ठेवलं.

त्याच्या दुकानात मात्र माझी डाळ शिजेना. लोक मला कागदाच्या पट्टीवर उडवत, लगेच हुंगत आणि "खोकल्याचं औषध वाटतंय" म्हणून चालू लागत. मला अंगावर रुळायला वेळ लागतो, हे त्यांना कोण सांगणार? एकदा नव्यानेच कोट शिवायचं दुकान थाटलेल्या बाई आल्या. सुगंधकाराने मला त्यांच्या मनगटावर लावलं आणि तो म्हणाला, "लगेच वास घेऊ नका. बाजारातली कामं उरकून या." त्या परत आल्या त्या मनगट नाकाशी धरूनच. मी त्यांचा झालो.

काय दिवस होते ते! सकाळी शटर उघडताना मी धुरकट असे, दुपारी इस्त्रीच्या उबेत गोड होई, आणि संध्याकाळी बाहीच्या आत नुसती लाकडाची ऊब उरे. मालकीणबाई धाग्याला गाठ मारता मारता हळूच मनगट हुंगत. मला भारी आनंद व्हायचा.

पुढे त्यांना माझा वास येईनासा झाला. रोजच्या वासाला नाक सरावतं, पण त्यांना वाटलं, माझाच दम संपला. मग एकाऐवजी चार, मग आठ फवारे उडू लागले.

त्याच सुमारास शिवलेले कोट परत येऊ लागले. "छातीत ढगळ झालाय हो," जो तो म्हणे. बाईंनी टेप बदलली, चष्मा बदलला, तरी तेच. नवं दुकान, त्यात नाव खराब होत चाललेलं. त्या रडकुंडीला आल्या.

"मला माप घेताच येत नाही वाटतं. बंदच करते दुकान," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"आधी माझं माप घे बघू."

टेप छातीभोवती आली, तशी सासूबाईंनी भला मोठा श्वास घेतला आणि कोंडून धरला.

"आई, श्वास सोडा ना."

"सोडला की परत घ्यावा लागेल. अगं, किती तो वास मारलायस."

म्हणजे सगळी गिऱ्हाइकं छाती फुगवून उभी राहत होती! मालकीणबाई आधी ओशाळल्या, मग दोघी पोट धरून हसल्या. कोट उसवून नीट झाले, दुकान सावरलं. मी मात्र कपाटात गेलो. "फेकून दे ती बाटली," हे सासूबाईंचे शब्द मी ऐकले होते. चिंध्यांमागे जीव मुठीत धरून बसलो.

बऱ्याच दिवसांनी, एका सुट्टीला, बाईंनी कपाट उघडलं. निरोपाचा म्हणून एकच फवारा मनगटावर मारला. विसावलेल्या नाकाला मी सगळाच्या सगळा आलो. "आई, हा संपलाच नव्हता हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. सासूबाई नाक मुरडत जवळ आल्या. जरा वेळ तिथेच थांबल्या. मग बाही वर सरकवून म्हणाल्या, "मला एकच हं."

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका आणि थोडंच लावा. रोज जवळ असणारं माणूसही असंच जाणवेनासं होतं. ते कुठे गेलेलं नसतं. आपलंच नाक सरावलेलं असतं.