शून्य चुका आणि एक रिकामी खुर्ची

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका निर्दोष सर्किट बोर्डाने अवतार घेतला. निर्दोष म्हणजे पडद्यावर एकही चूक दिसत नव्हती. दर्शनाला अख्खं ऑफिस लोटलं होतं. खालच्या मजल्यावरचे दोघं तर वेफर्सचं पाकीट घेऊन आले होते.

हा चमत्कार होता सल्लागार देवव्रत सरांचा. बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एआय एजंट बसवला होता. माणसाने हुकूम द्यायचा, एजंटने योग्य टूल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एखादी सोय, निवडून काम करायचं. समोर नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राचा बोर्ड होता, गोवर आल्यासारखा लाल खुणांनी भरलेला. प्रत्येक खूण म्हणजे एक चूक. सरांनी डोळे मिटले, ‘चुका घालव’ एवढंच टाइप केलं, आणि गोवर उतरला. खाली आकडा आला, शून्य.

“एजंटला समजावत बसायचं नसतं,” सर हळू आवाजात म्हणाले. “त्याला सगळं ठाऊक असतं. शब्द वाढवले की त्याला आपला संशय दिसतो. मग तो रुसतो.”

म्हणून एजंटसाठी लिहायचं प्रत्येक टूलचं वर्णन त्यांनी एका ओळीत उरकलं होतं. मालक नंदकिशोरशेठनी हात जोडले. माझेही उठले होते, पण एकात चहा होता.

मागच्या खोलीत इरावतीबाईंचं तपासणीचं टेबल होतं. आमची जुनी रीत अशी, की बोर्ड कारखान्यात जाण्याआधी कागदावर छापायचा, एकाने जोडण्या मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने पिवळ्या पेनने खूण करून ‘हो’ म्हणायचं. वाचायचा दशरथ, खूण करायच्या बाई. शून्य अवतरल्यावर शेठनी दशरथला चारकोपच्या युनिटवर पाठवलं. महिनाअखेर टेबल हलणार होतं, बाईंसकट. तोवर त्या दशरथच्या रिकाम्या खुर्चीसमोर एकट्याच बसत. ओळ वाचायच्या आणि स्वतःच ‘हो’ म्हणायच्या. दार लावलेलं असलं तरी बाहेर ऐकू यायचं. डबाही तिथेच उघडायच्या. जाणाऱ्याबरोबर जेवलं की पुढचा नंबर आपला, असा ऑफिसात एक शास्त्रीय समज पसरला होता.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. “जरा वाचतोस का रे? स्वतःलाच हो म्हणून कंटाळा आला.”

मी वाचत गेलो. एका ओळीला ‘हो’ आलंच नाही. हीटरला वीज नेणारी तांब्याची रेघ आणि शेजारची सेन्सरची रेघ जवळजवळ चिकटली होती.

“ही चूक त्या दिवशी लाल होती,” बाई म्हणाल्या. “आजही तिथेच आहे. फक्त लाल नाही.”

त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर एजंटला विचारलं, चुका घालवायला कुठलं टूल वापरलंस. त्याने बिचाऱ्याने लगेच सांगितलं. टूलचं वर्णन होतं, ‘चुकांची संख्या शून्यावर आणते.’ बाईंनी वरचा मेनू उघडला. तेच टूल तिथे वर्षानुवर्षं बटण म्हणून होतं, नाव ‘खुणा लपवा’. शेजारी ‘खुणा दाखवा’. त्यांनी ते दाबलं आणि गोवर परत आला.

“तुमच्या संशयाने तो बिथरला,” देवव्रत सर म्हणाले.

“बिथरला नाही हो. कुठलं टूल काय करतं, हे त्याला फक्त वर्णनावरून कळतं. तुम्ही सांगितलंच नाही. नवीन माणसालाही आपण एवढं सांगतो ना?”

मग त्यांनी वर्णन बदललं: ‘चुकांच्या खुणा पडद्यावरून लपवते. चुका तशाच राहतात. सुधारण्यासाठी वापरू नये.’ दुसऱ्या टूलला लिहिलं: ‘रेघा हलवून त्यांच्यातलं अंतर वाढवते. अंतर मिलिमीटरमध्ये द्यावं. नंतर बोर्ड तपासून उरलेल्या चुका सांगते.’

शेठनी तेच ‘चुका घालव’ टाइप केलं. एजंटने रेघा हलवल्या आणि कळवलं, अकरा चुका उरल्या, जागा पुरत नाही, माणसाने ठरवावं. या वेळी कोणी हात जोडले नाहीत. अकराला कोण नमस्कार करणार?

शून्य दिसलं की हात जोडण्याआधी ते कसं आलं हे विचारावं. यंत्राला विचारावं, ते बसवणाऱ्याला तर आधी विचारावं. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही.

टेबल राहिलं. देवव्रत सर हल्ली साकीनाक्याला कुणाला तरी शून्य दाखवतात. दशरथला मात्र शेठनी परत आणलं नाही, आणि आम्हा बाकीच्यांना आपापली कामं होती. मग बाईंनी एजंटसाठी एक टूल मागून घेतलं आणि वर्णन स्वतः लिहिलं: ‘जोडण्यांची एक ओळ मोठ्याने वाचते. समोरून हो ऐकू येईपर्यंत थांबते.’

ते टूल नीट चालतं.