तिसरं कडवं

पोराने त्या पदाचं एखादं कडवं पहिल्यांदा न चुकता म्हटलं, की घरातल्या एका माणसाचा कोनाडा होई. त्या माणसाच्याच उंचीचा, भिंतीत आत गेलेला, हात लावला तर कोमट. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिन्हीसांजेला घरोघर परवचा सुरू झाला, की पाढ्यांमागोमाग पोरं तेच पद म्हणत आणि मोठी माणसं हातातलं काम टाकून ऐकत. देह ही रिकामी जागा आहे, एवढंच त्या पदात होतं. पण ते अशा गोडीने सांगितलेलं, की ऐकणाऱ्याला आपलं रिकामं असणं आवडू लागे.

मथुराच्या घरात पहिल्या कडव्याला सासरे गेले, दुसऱ्याला नवरा. सासऱ्यांत आता पिठाचा डबा होता. नवऱ्यात तिने काहीच ठेवलं नव्हतं. उरल्या दोघी, ती आणि सात वर्षांची रेवू.

"काकू, हिने हे पद विसरावं म्हणून काय करू?" तिने शेजारच्या अंबूकाकूंना विचारलं.

"आधी तू विसरून दाखव," काकू म्हणाल्या. "माझी नात सासरी गेली म्हणून मी वाचले. नाहीतर आज माझ्यात सरपण रचलं असतं."

मग मथुराने तिसरं कडवं स्वतःच शिकवलं, आणि मधे एक भलताच शब्द बसवला. चुकलेलं कडवं धरलं जात नसे.

त्या संध्याकाळी रेवू मांडी घालून बसली. "आई, लाटणं ठेव ना. ऐक."

पाढे झाले. दोन कडवी झाली. तिसऱ्यात तो शब्द आला आणि ओळ लंगडली. रेवू थांबली.

"आई, इथे काहीतरी टोचतंय."

"काही टोचत नाही. पुढे म्हण."

"नाही गं. नीट सांग ना."

मथुराने पदर तोंडात कोंबला. तिच्या आईने तिला मांडीवर टिचक्या मारमारून घडवलं होतं. पोर चुकलेलं मथुराला कधी ऐकवतच नसे. रेवूने पुन्हा तीच ओळ म्हटली, तशीच लंगडी. पदर सुटला. खरा शब्द सांगून झाल्यावर मथुराला कळलं.

रेवूने ओळ पुरी केली. मथुराच्या पाठीला भिंत लागली, मग पाठ उरली नाही.

रेवू उठून कोनाड्यापाशी आली. कडेवरून हात फिरवला. आत ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून पाय पोटाशी घेऊन ती स्वतःच आत बसली, आणि चौथं कडवं म्हणू लागली. मथुराला तिचं वजन कळत होतं. चूक, बाई, चूक, असं म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या ओळीला रेवू अडली. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा अडली. बाहेर गल्लीतली दारं एकेक करून उघडू लागली. अडलेला शब्द सांगायला माणसं लगबगीने येत होती.