पाव इंचानं मोठा नंदी

“पाव इंचापायी देवाचा रथ अडून बसलाय. काय म्हणायचं ह्याला?” हंबीरराव बसव्वाच्या कानाशीच कुरकुरले. ते देवस्थानचे पंच. त्यांची कुरकुरही चार घरं ऐकू जायची.

बसव्वाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. दोन फुटी सागवानी नंदी पोत्यातून बाहेर आला तशी हलगी घुमली, बायका रेटारेटी करत पुढे आल्या. कुणी म्हणालं वशिंड बघा, कुणी म्हणालं आता हंबरतंय बघा. पदर तोंडाशी धरून ती हसू दाबत उभी होती. नावाजत होते सगळे चन्नवीरला. तिचा नवरा, गावचा सुतार. तो दोन्ही हात शालीत घालून नुसती मान डोलवत होता. सहा वर्षांपासून ते हात थरथरत होते. पडवीत पटाशी कोण चालवतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण देवाचं काम बाईनं केलं असं म्हणायचं कुणी? म्हटलं की ते चालतं का नाही हे ठरवावं लागणार. त्यापेक्षा चन्नवीरचा हात सोन्याचा म्हणणं सोपं.

आणि नंदी रथावरच्या चौकटीत बसेना. चौकट बरोबर दोन फूट, नंदीची बैठक दोन सूत, म्हणजे पाव इंच जास्त. तीस वर्षांत चन्नवीरचं माप चुकलं नव्हतं, असं जो तो म्हणू लागला.

बसव्वाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिरोली एमआयडीसीत ती फौंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने करायची. ओतलेलं लोखंड गार होताना आटतं, म्हणून तिथली पट्टीच मुळात वाढीव, फुटामागं एक सूत. तीच पट्टी पिशवीतून घरी आली होती आणि नंदी तिच्यावर मापला गेला होता. आता सागवानाचा नंदी काय गार होऊन आटणार होता? तिला आधी हसू फुटलं, मग घाम.

कारण शेजारच्या गल्लीतला जोतीराम सुतार करवत घेऊन रथावर चढला होता. पुढचे खूर जरा कापतो, की झालं, म्हणाला.

खूर! त्या दोन खुरांवर तिचा अख्खा श्रावण गेला होता. ती नवऱ्याजवळ सरकली. मागनं घ्यायला सांगा, शेपटीमागं जागा हाय, हळूच म्हणाली. चन्नवीरनं तसं सांगितलं.

“तितं गोंडा हाय, करवत कशी चालंल?” जोतीरामनं पटाशी पुढं केली. “तूच घे की. नंदी तुझा हाय.”

चन्नवीरनं शालीतून हात काढून ती घेतली. पटाशी रथाच्या चाकावर टकटक वाजू लागली. हंबीरराव वर निशाण बघायला लागले. हलगीवाला हलगी शेकायला गेला. बायकांना एकदम आपापली पोरं आठवली.

बसव्वा जमिनीकडे बघत होती. टकटक थांबली, तशी तिनं मान वर केली. चन्नवीरनं पटाशी तिच्या हातात ठेवली होती.

“जोतीराम, खाली उतर. हिला वर चढू दे,” तो म्हणाला. “नंदी माझा न्हाय, हिचा हाय. सा वर्सं झाली, माझ्या नावावर हीच करतीया.”