जास्तीची हवा

माझ्या बायकोला, जयमालाला, दिवाळीपासून दम लागायचा. बोटांना मुंग्या यायच्या, ओठ बधिर व्हायचे. गावची आशा कार्यकर्ती म्हणून तिची निवड झाली होती, आणि सोमवारपासून मेहकरला त्याचं ट्रेनिंग होतं. एकटीनं जायचं, नाही गेली तर जागा दुसरीला. आमच्या बीबी गावात जो तो एकच औषध सांगायचा, "लंबा श्वास घे." सगळ्यात मोठ्यानं मीच. ती घ्यायची आणि आणखी गरगरायची. मी चिडायचो, धड घेत नाहीस म्हणायचो.

छातीचा फोटो, कार्डिओग्राम, सगळं बरोबर निघालं. दमा नाही म्हणाले डॉक्टर, आणि मेहकरच्या फिजिओथेरपीवाल्या प्रेरणा मॅडमकडे धाडलं.

"ताई, कधी होतं असं?" मॅडमनी विचारलं.

"चारचौघांत बोलाची पाळी आली का," मी सांगितलं.

मॅडम जयमालाच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे बघत होत्या. "ताई, तुम्ही हवा जास्त खाता."

"हे कायची हवा खाते, मॅडम? वावर आन् घर. दोन वर्षांत शेगावलेबी नेलं नाही मी तिले."

जयमालाला हसू आलं. मॅडमना नाही. "श्वासाचं म्हणते मी, भाऊ. गरजेपेक्षा जास्त घेतात त्या. त्यात तुम्ही लांब श्वास घे म्हणता, म्हणजे आगीत तेलच. जरा बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसलो. दार पातळ होतं. तोंड मिटा, हात पोटावर, नाकानं थोडासाच घ्या, सावकाश सोडा, असं बराच वेळ चाललं. मग मॅडम म्हणाल्या, "आता बोला. घाई नाही."

जयमाला बोलू लागली. ट्रेनिंगची धास्ती, सासूचं दुखणं, आणि मी. "मी तोंड उघडलं का हेच बोलून टाकतात. माहं बोलणं आतच राह्यते." एवढं बोलूनही धाप नव्हती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि ती इतकं बोलते हे मला दाराआडून कळत होतं. आधी राग आला, मग लाज वाटली.

निघताना मॅडमनी रोज दोनदा दहा मिनिटांचा सराव लिहून दिला. "सोमवारपर्यंत पुरतं थांबणार नाही. पण आलं तर काय करायचं ते त्यांना कळलंय."

एसटीत कंडक्टरनं मला विचारलं, "कुठं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो खोळंबला, वैतागला.

"बीबी," जयमाला म्हणाली. "एक फुल, एक लेडीज हाफ." ती जरा थांबली. "आन् भाऊ, सोमवारी बीबीहून सकाळची पहिली गाडी कितीले हाय? मी एकटीच हाय."