उसनं कारण

दूर उत्तरेकडच्या बोडन गावातल्या निर्वासित केंद्रात येऊन अब्रेहेतला अकरा महिने झाले होते. तिच्या खोलीतली दुसरी खाट पंधरा दिवसांपासून रिकामी होती. तिथं सारोन असायची. बंदी घातलेल्या पेंटेकोस्ट या ख्रिस्ती पंथाची प्रार्थना केली म्हणून तिला मायदेशी, एरिट्रियात, दोन वर्षं लोखंडी कंटेनरात कोंडलं होतं. इथं तिला निर्वासिताचा दर्जा मिळाला आणि ती दक्षिणेकडे गेली. जाता जाता अब्रेहेतला शिकवून गेली.

"अगं वेडे, नुसती भ्याले म्हणून भागत नाही. कशापायी भ्यालीस ते लागतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, मत, नाहीतर अमक्या गटातली म्हणून. कायद्यात पाचच कारणं. तू कशात बसतेस सांग?"

"मी लष्कराच्या छावणीत रांधायचे. सक्तीची नोकरी, सात वर्षं सोडलं नाही. तो कमांडर अंगाला हात लावायचा, म्हणून पळाले."

"ते यात कुठं बसवू? त्यापेक्षा माझंच सांग, कंटेनरासकट. भाडं नाही मागत तुझ्याकडे!"

दोघी हसल्या होत्या. आता हसायला कुणी नव्हतं. दिवसचे दिवस अब्रेहेत कुणाशी बोलत नसे. बुधवार आणि शुक्रवार तेवढे तिचे होते. या दोन्ही दिवशी तिची आई जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या रीतीने उपास धरायची, दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही. वाळवंट ओलांडतानाही अब्रेहेतने तो मोडला नव्हता. तिकडे आई उपाशी, इकडे आपण उपाशी. तेवढा वेळ दोघी एका घरात आहोत असं तिला वाटे.

आश्रयाच्या अर्जाची मुलाखत नेमकी शुक्रवारी आली.

अधिकारी बाईंचं नाव गुनवोर. आवाज मऊ, हात सतत टाइप करणारे. कोपऱ्यात दुभाष्या बसला होता, टेकेस्ते नावाचा, साठीचा, तिच्याच मुलखातला. ओळख दाखवायची त्याला मनाई होती. सकाळभर अब्रेहेत सारोनचा कंटेनर सांगत राहिली. त्यातला उन्हाळा, पत्र्याचे चटके, भिंतीवर बोटांनी ठोकत म्हटलेली भजनं. गुनवोरबाई मान हलवत होत्या. सगळं नीट चाललं होतं.

बारा वाजता बाईंनी तिघांच्या कपांत कॉफी ओतली, वर दूध घातलं, लोण्याचा पाव पुढे सरकवला.

"घ्या ना. अजून बराच वेळ बसायचंय आपल्याला."

"नको."

"का हो? पोट बरं नाही का?"

होय म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी सबब आयती हातात ठेवली होती. अब्रेहेतची नजर टेकेस्तेकडे गेली. तो खाली बघत होता. त्याच्यापुढचा कप काठोकाठ भरलेला होता. कॉफीवरची वाफ विरत चालली होती. त्याने बोट लावलं नव्हतं.

म्हणजे हाही आपल्याच चर्चचा; आपण दुसरीचं सांगतोय हे याला आपल्या बोलण्यावरून सकाळपासून कळलेलं होतं. आणि याच्यासमोर आपण आईला नाकारत बसलो होतो.

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली.

दुभाष्याने वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"शुक्रवारी काय असतं?"

"आमचा उपास. पेंटेकोस्ट लोक तो धरत नाहीत. मी धरते. सकाळी सांगितलं ते दुसऱ्या बाईचं. तिचं खरं आहे, माझं नाही."

टाइप करणं थांबलं. "मग तुमचं काय?"

अब्रेहेतने सांगितलं. छावणीची चूल, कमांडर, कुंपणाखालून निघालेली पहाट.

"परत गेलात तर?"

"पळालेल्याला देशद्रोही म्हणतात. जमिनीखालच्या कोठडीत टाकतात."

"सरकारविरुद्ध तुमचं काही मत होतं?"

"मत? बाई, माझं कुणी कधी विचारलंय का? भाकऱ्या किती लागतील, एवढंच विचारायचे."

"पण ते तुम्हाला विरोधकच समजतील?"

"समजतील म्हणजे काय? समजलेच असतील."

गुनवोरबाईंनी चष्मा काढून पुसला. "त्यांनी तसं समजलं तरी कायद्याला पुरू शकतं. मत तुमच्या मनात असायलाच हवं असं नाही. हे सकाळीच सांगायचंत."

"भीती पुरत नाही म्हणाले सगळे. म्हणून कारण उसनं आणलं."

"आता मला दोन्ही लिहावं लागेल. सकाळचं खोडता येत नाही. यातल्या कशावर विश्वास ठेवायचा, ते ठरायला वेळ लागेल. पत्र येईल."

"लिहा," अब्रेहेत म्हणाली. "पण माझं पण लिहा."

बाहेर पडली तेव्हा अडीच वाजले होते आणि उजेड संपत आला होता. बसथांब्याच्या दुसऱ्या टोकाला टेकेस्ते उभा होता. चौकातल्या घड्याळात तीन वाजले, तसं त्याने पाठ वळवली, कोटाच्या खिशातून कोरडी भाकरी काढून क्रूसाची खूण केली आणि तुकडा मोडला. अब्रेहेतनेही पिशवीतला डबा उघडला. गार मसूर होती. घास घेताना तिच्या मनात आलं, तिकडचं घड्याळ दोन तास पुढे. आईने उपास केव्हाच सोडला असेल.

त्याची बस आधी आली. चढताना तो तिच्या दिशेने किंचित वाकला, इतर कुणाला कळू न देता. मग थांब्यावर ती आणि बर्फ. डबा तिने बंद करून ठेवला. बुधवारला अजून पाच दिवस होते.